धौलीची टेकडी : वरचा स्तूप, खालचा खडक आणि भीमेकाठची प्रत

सोलापुरातून ओडिशाला जायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी ठरलेली असते : कोणार्क एक्सप्रेस. पुरी, कोणार्क, भुवनेश्वर अशी सहल करून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये कोणार्कच्या दगडी चाकापुढचा फोटो असतो, पुरीच्या समुद्रातला असतो आणि एका टेकडीवरच्या पांढऱ्याशुभ्र घुमटापुढचाही असतो. हे काय, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘शांती स्तूप. अशोकाचा.’

स्तूप अशोकाच्या आठवणीत बांधलेला आहे, अशोकानं बांधलेला नाही. तो पूर्ण झाला १९७२ साली, म्हणजे आपल्याकडे दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती त्या वर्षी. अशोकाचं स्वतःचं जे काही त्या जागेवर आहे ते टेकडीच्या पायथ्याला आहे. गाड्या त्याच्या शेजारून वर जातात, घुमटापाशी फोटो होतात, आणि पुरीला पोचायची घाई असल्यामुळे परत येताना कुणी थांबत नाही. धौली पाहायची तर खालून वर पाहावी असं मला मनापासून वाटतं, कारण वरच्या घुमटाचा अर्थ खालच्या खडकात लिहिलेला आहे. आणि त्या खडकावरच्या मजकुराची आणखी एक प्रत आपल्याच भीमेच्या काठी सापडलेली आहे, हे तर प्रत्येक सोलापूरकराला माहीत असायला हवं. तिकडे शेवटी येतो.

आधी जागा. भुवनेश्वरच्या दक्षिणेला सुमारे ८ किलोमीटरवर, पुरीच्या रस्त्याला लागून धौली आहे. बाजूनं दया नदी वाहते, भोवती भातखाचरं आहेत. टेकडी फार उंच नाही. सपाट मुलखात असल्यामुळे मात्र ती लांबून उठून दिसते आणि वरून नदीचं सगळं खोरं नजरेत येतं. अशोकाच्या काळी या भागातल्या कारभाराचं ठाणं तोसली नावाच्या नगरात होतं. धौलीचा लेख तोसलीच्या अधिकाऱ्यांनाच उद्देशून लिहिलेला आहे.

कलिंगचं, म्हणजे याच मुलखातलं, युद्ध झालं ते इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास. अशोकाला राज्याभिषेक होऊन आठ वर्षं झाली होती. त्यानं कलिंगवर चाल का केली, हे तो स्वतः कुठंच सांगत नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदरं आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटा ताब्यात याव्यात हे कारण अभ्यासक देतात, आणि नकाशा बघितला की ते पटतं. युद्धाचा परिणाम मात्र त्यानं स्वतःच्या शब्दांत नोंदवला आहे. त्यानं ठिकठिकाणी कोरवलेल्या चौदा मोठ्या शिलालेखांच्या मालिकेतला तेरावा लेख म्हणतो की दीड लाख माणसं तिथून धरून नेली, एक लाख तिथंच मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट मेली. पुढं तो त्या माणसांबद्दलही बोलतो जी लढाईत नव्हती : आईवडिलांची सेवा करणारे, मित्रांशी आणि नोकरचाकरांशी नीट वागणारे साधे गृहस्थ. त्यांनाही घाव बसले, त्यांची जिवलग माणसं गेली. जे स्वतः वाचले त्यांनाही आपल्या माणसांचं दुःख भोगावं लागलं. आणि याचं राजाला वाईट वाटतं, असं तो लिहितो. जिंकलेल्या राजानं आपल्याच विजयाबद्दल दगडावर असं कोरून ठेवावं, याला जुन्या जगात फारशी जोड नाही.

पण हा तेरावा लेख धौलीत नाही.

आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला तो आहे, गुजरातेत गिरनारला आहे, डेहराडूनजवळ कालसीला आहे, आंध्रात एर्रगुडीला आहे. जिथं ते युद्ध झालं त्या कलिंगातच नाही. धौलीला एक ते दहा आणि चौदावा असे लेख आहेत. अकरा, बारा, तेरा गाळले आहेत आणि त्यांच्या जागी दोन वेगळेच लेख कोरले आहेत. अभ्यासक त्यांना ‘पृथक् लेख’ म्हणतात. दक्षिण ओडिशात गंजाम जिल्ह्यात जौगडा नावाचं ठिकाण आहे, तिथंही नेमकी हीच रचना आहे. म्हणजे गाळणं चुकून झालेलं नाही, कलिंगसाठी तसं ठरवून केलेलं आहे.

का गाळला असेल? ज्यांच्या घरातली माणसं मेली त्यांना मेलेल्यांचा आकडा वाचून दाखवण्यात काय अर्थ होता, असा एक विचार असणार. जखम ताजी असताना तिची उजळणी केली तर लोक पुन्हा उठतील, अशी राज्यकर्त्याची सावधगिरीही असणार. मला दोन्ही कारणं एकाच वेळी खरी वाटतात. माणूस मनापासून हळहळतो आणि राज्यही सोडत नाही, असं होऊ शकतं. अशोकानं कलिंग परत केलं नाही, हे विसरून चालणार नाही. तेराव्या लेखातच तो रानातल्या टोळ्यांना समजावता समजावता बजावतो की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात बळ आहे.

खडकावर खरं काय लिहिलंय

लेख नुसते कोरलेले नाहीत. त्यांच्या वर, त्याच खडकातून एक हत्ती बाहेर आलेला आहे. डोकं, सोंड, पुढचे दोन पाय एवढंच. उंची सुमारे ४ फूट. मागचं अंग खडकातच राहिलेलं आहे. सोंड आत वळवलेली, एक पाय किंचित वाकलेला, आता पाऊल पुढं पडेल असा. कोरीव नक्षी नाही, झूल नाही, अंबारी नाही. कातडीखालच्या मांसाचं वजन कळावं इतपतच दगड काढला आहे. भारतात आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या दगडी शिल्पांमध्ये याची गणना होते. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. हत्ती, बोधिवृक्ष, चक्र, पावलं अशा खुणांनी बुद्ध दाखवत. बुद्धाची आई मायादेवी, तिच्या स्वप्नातला पांढरा हत्ती ही बुद्धजन्माची खूण. धौलीच्या सहाव्या लेखाच्या शेवटी ‘सेतो’, म्हणजे पांढरा, एवढीच अक्षरं वेगळी कोरलेली आहेत. ती या हत्तीबद्दलच आहेत असं मानतात.

अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. मार्कहॅम किटो या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला हा खडक १८३७ मध्ये सापडला, आणि योगायोग असा की कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप त्याच काळात ब्राह्मी लिपीची उकल करत होता. सांचीच्या कठड्यावरच्या बारीक बारीक लेखांची शेवटची दोन अक्षरं पुन्हा पुन्हा तीच येतात, हे त्याच्या लक्षात आलं. कठड्याचे खांब लोकांनी दान दिलेले असणार, म्हणजे ती अक्षरं ‘दानं’ अशी असावीत, असा त्यानं अंदाज केला आणि तिथून लिपी सुटत गेली. आपल्या कार्ल्याच्या, जुन्नरच्या लेण्यांतले कितीतरी लेख दानाचेच आहेत, त्यामुळे ही युक्ती आपल्याला चटकन कळते. लेख वाचता आले, पण लिहिणारा स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणवतो. हा कोण, हे आधी श्रीलंकेच्या पाली बखरींवरून जुळवलं गेलं. १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यात मस्कीला सापडलेल्या लेखात ‘असोक’ हे नाव मिळालं आणि शंकेला जागा उरली नाही. मस्की सोलापूरहून ओडिशापेक्षा कितीतरी जवळ आहे.

आता ते दोन पृथक् लेख. पहिला लेख तोसलीतल्या नगराचा न्याय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना लिहिलेला आहे. प्रजेला नाही, अधिकाऱ्यांना. सूर एखाद्या कडक पण मायाळू वरिष्ठाच्या पत्राचा आहे. तुम्हाला हजारो जिवांवर नेमलंय ते त्यांचं प्रेम मिळवण्यासाठी, असं तो म्हणतो. मग येतं ते प्रसिद्ध वाक्य, ‘सवे मुनिसे पजा ममा’ : सगळी माणसं माझी लेकरं आहेत, माझ्या लेकरांना या लोकी आणि परलोकी सुख मिळावं असं मला वाटतं, तसंच सगळ्या माणसांबद्दल वाटतं.

हे वाक्य सगळे सांगतात. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. तो लिहितो की माझं हे म्हणणं किती खोलवर जातं हे तुम्हाला कळलेलं नाही. एखाद्याला कळलं असेल तर तेही थोडंच. मग थेट तुरुंगाचा विषय. एखाद्या माणसाला कारण नसताना बेड्या पडतात, छळ होतो, आणि त्याच्यामुळे आणखी किती जणांना सोसावं लागतं. हे टाळायचं असेल तर न्याय देताना मधला मार्ग धरा. आणि माणूस न्याय चुकतो कशामुळे, याची तो यादीच देतो : मत्सर, राग, क्रूरपणा, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. या यादीत मत्सर आणि क्रूरपणाच्या शेजारी थकवा बसलेला आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाला माहीत होतं की दमलेला अधिकारीही अन्याय करतो. ही यादी आजच्या कुठल्याही कोर्टात, चौकीत, तहसील कचेरीत भिंतीवर लावावी अशी आहे.

आणि तो नुसता उपदेश करून थांबत नाही, अंमलबजावणीची सोय करतो. हा लेख दर तिष्य, म्हणजे पुष्य, नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवायचा. मधल्या दिवसांतही प्रसंगानं, अगदी एकाच माणसाला ऐकायचा असेल तरी वाचायचा. दर पाच वर्षांनी राजा एक असा अधिकारी पाठवणार जो कठोर नाही, तापट नाही, आणि तो बघणार की स्थानिक अधिकारी सांगितल्याप्रमाणे वागतात की नाही. उज्जैनचा राजकुमारही असाच अधिकारी पाठवेल, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त वेळ जाऊ देणार नाही. तक्षशिलेहूनही तसंच. सरळ भाषेत, ही तपासणीची व्यवस्था आहे. युद्धानं उद्ध्वस्त केलेल्या मुलखात शांतता आणायची तर बेकायदा तुरुंगवास आधी थांबवला पाहिजे, हे त्याला उमगलं होतं.

दुसरा पृथक् लेख सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांबद्दल आहे. राजाच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, असं ते विचारत असतील. त्यांना कळू द्या की त्यांनी मला घाबरू नये, विश्वास ठेवावा, माझ्याकडून त्यांना दुःख नाही तर सुखच मिळेल. आणि त्याच दमात : जे क्षमा करण्यासारखं असेल ते राजा क्षमा करील. शब्द जपून वापरले आहेत. सगळंच क्षमा करीन असं त्यानं म्हटलेलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. दया नदीचं पाणी रक्तानं लाल झालं आणि ते बघून अशोकाचं मन पालटलं, ही कथा तिथला प्रत्येक गाइड सांगतो. कथा म्हणून ती जरूर ऐकावी. अशोकाच्या कुठल्याही लेखात या नदीचा उल्लेख नाही आणि लढाई नेमकी कुठं झाली हेही त्यात सांगितलेलं नाही.

कलिंगची गोष्ट शांततेत संपली असंही नाही. धौलीहून काही किलोमीटरवर उदयगिरीच्या लेण्यांत हाथीगुंफेचा लेख आहे, जैन राजा खारवेलाचा. अशोकानंतर दीड-दोनशे वर्षांनी कलिंगचाच हा राजा आपल्या स्वाऱ्या वर्षवार मोजून सांगतो. सातवाहन राजा सातकर्णी याची पर्वा न करता पश्चिमेकडे फौज धाडली, ती कण्हबेमना नदीपर्यंत पोचली, असं त्यात आहे. ही नदी म्हणजे आपली कृष्णा की विदर्भातली कन्हान-वैनगंगा, यावर अभ्यासकांत वाद आहे. रठिक आणि भोजक, म्हणजे महाराष्ट्राकडचे सरदार, आपल्या पायाशी आणले असंही तो अभिमानानं सांगतो. भुवनेश्वरला गेलात तर एकाच दिवशी दोन्ही लेख बघून घ्या. एकाच मातीतले दोन राजे दगडावर किती वेगळं बोलतात ते तिथं दिसतं.

मग वर स्तूप कुणी बांधला?

जपानी भिक्खूंनी. त्यांचे गुरू निचिदात्सु फुजी. आपल्याकडे वर्धा-सेवाग्रामच्या लोकांना ते ‘फुजी गुरुजी’ म्हणून ठाऊक आहेत.

फुजी गुरुजींचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा, जपानच्या क्युशू बेटावरचा. ते निचिरेन या तेराव्या शतकातल्या जपानी आचार्यांच्या परंपरेतले. बुद्धाचा धर्म भारतातून पूर्वेकडे जपानला आला, तो एक दिवस जपानमधून पुन्हा पश्चिमेला, भारतात जाईल, असं निचिरेन यांनी म्हटलं होतं. फुजी गुरुजींनी ते स्वतःचं काम मानलं. १९३१ मध्ये ते भारतात आले. हातात पंख्याच्या आकाराचा, दांडीचा छोटा ढोल, तो वाजवत ‘नम् म्यो हो रेंगे क्यो’ हा सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाला वंदन करणारा मंत्र म्हणत चालायचं, ही त्यांची पद्धत. १९३३ मध्ये वर्ध्याला त्यांची गांधीजींशी भेट झाली. हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेत तो आजही ऐकू येतो.

त्या दशकातलं जपान सोलापूरला मात्र वेगळ्या बाजूनं माहीत आहे. १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठी चढाई केली. १९३८ मध्ये चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं आणि त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता, वयाच्या ३२ व्या वर्षी, ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथंच गेले. आपल्या गावातलं त्यांचं स्मारक आणि धौलीचा स्तूप यांचा थेट संबंध नाही. पण जपाननं काय केलं आणि जपानला काय भोगावं लागलं, या दोन्ही गोष्टी डोळ्यापुढं ठेवल्याशिवाय हा स्तूप कळत नाही, आणि कोटणिसांच्या गावच्या माणसाला त्यातली पहिली गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमावरचा अणुबॉम्ब. त्या दिवशी फुजी गुरुजींना साठ वर्षं पूर्ण झाली. तीन दिवसांनी नागासाकी, तेही त्यांच्याच क्युशू बेटावरचं. त्यानंतर जगभर शांतीचे स्तूप उभारायचे हे त्यांनी आपलं उरलेलं आयुष्य ठरवलं. पहिला १९५४ मध्ये क्युशूवरच्याच कुमामोतो शहरात झाला. भारतात राजगीरला रत्नागिरी टेकडीवर १९६९ मध्ये, मग धौलीला १९७२ मध्ये. फुजी गुरुजी ९ जानेवारी १९८५ ला गेले, पण काम थांबलं नाही : लेहचा स्तूप १९९१ चा, दार्जिलिंगचा १९९२ चा, वर्ध्याचा १९९३ चा, दिल्लीच्या इंद्रप्रस्थ पार्कमधला २००७ चा.

राजगीर निवडलं कारण तिथल्या गृध्रकूट टेकडीवर बुद्धानं सद्धर्मपुंडरीक सूत्र सांगितलं अशी श्रद्धा आहे. धौलीमागचं कारण राजकीय म्हणावं असं आहे. एका मोठ्या हत्याकांडानंतर एका राजानं शस्त्राकडे पाठ फिरवली ती ही जागा, आणि त्याहून मोठं हत्याकांड पाहिलेला देश तिथं येऊन काही तरी बांधतो. ओडिशातल्या लोकांबरोबर मिळून ते काम झालं, कलिंग निप्पॉन बुद्ध संघाच्या नावानं.

स्तूप कसा वाचायचा

आपल्याकडच्या माणसाला स्तूप म्हटलं की आधी दीक्षाभूमी आठवते. नागपूरचा तो घुमट आतून पोकळ आहे. आत मोठं दालन आहे, हजारो माणसं बसतात. म्हणून धौलीला गेलेले बरेच जण दरवाजा शोधतात. दरवाजा नाही. स्तूपात शिरायचं नसतं, त्याच्या भोवती फिरायचं असतं. दीक्षाभूमीच्या वास्तुकारानं स्तूपाचं रूप घेऊन सभागृह केलं, ती विसाव्या शतकातली नवी आणि मोठी कल्पना. जुना स्तूप भरीव असतो, कारण मुळात तो मृताच्या अस्थींवर रचलेला ढिगारा. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर अस्थींचे वाटे झाले आणि त्यांवर असे ढिगारे उभे राहिले. अशोकानं ते उघडून अस्थी आणखी ठिकाणी वाटल्या, चौऱ्याऐंशी हजार स्तूप बांधले, अशी बौद्ध कथा आहे. आकडा कथेतला आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पोटातला विटांचा गाभा मात्र अशोकाच्या काळचाच आहे. पुढच्या काळात त्यावर दगडी कवच चढवून तो वाढवला. आज त्याचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे आणि उंची, वरची छत्रं न धरता, साधारण १६.५ मीटर.

स्तूपाचे भाग कळायला सांचीपर्यंत जायची गरज नाही. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या चैत्यगृहात शेवटाला जो दगडी स्तूप आहे त्यात सगळं दिसतं. खाली गोल जोतं, ती मेधी. त्यावर पालथ्या वाटीसारखा घुमट, तो अंड. घुमटाच्या माथ्यावर चौकोनी कठडा, ती हर्मिका. हर्मिकेतून वर जाणारी काठी म्हणजे यष्टी, आणि यष्टीवर छत्र, कारण छत्र मानाच्या माणसावर धरतात. कार्ल्याला तर दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकडी छत्र अजून जागेवर आहे. ते बघताना मान दुखेस्तोवर वर पाहिलं तरी समाधान होत नाही.

धौलीत हेच भाग आहेत. गोल जोत्यावर प्रदक्षिणेची वाट, वर घुमट, माथ्यावर छत्रं. पायऱ्यांच्या कडेला सिंह बसवलेले आहेत आणि ती आठवण अशोकाच्या स्तंभांची. पांढरा रंग पाहून काहींना हे सगळं फार नवं वाटतं. पण जुने स्तूपही आजच्यासारखे उघड्या दगडाचे नव्हते. पाणी आत मुरू नये म्हणून त्यांच्यावर चुन्याचा जाड गिलावा असे, सांचीवरही होता. पांढरेपणाच्या बाबतीत धौलीचा १९७२ चा स्तूप आजच्या सांचीपेक्षा मूळ रूपाच्या जवळ आहे.

नवं काय आहे ते घुमटाच्या अंगावर बघायला मिळतं. चार बाजूंना बुद्धमूर्ती आहेत, वेगवेगळ्या मुद्रांतल्या, आणि त्यांच्या जोडीला कोरलेले प्रसंग. अशोकाच्या वेळी बुद्धाची मूर्तीच नव्हती हे वर आलंच आहे. ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत मथुरा आणि गांधारला घडू लागली. म्हणजे आकार मौर्यकाळच्या परंपरेतला, मूर्ती त्यानंतरच्या, हेतू हिरोशिमानंतरचा. एका शिल्पपटात अशोक आपली तलवार बुद्धापुढं ठेवताना दाखवला आहे. बुद्धाला जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता, एका मताप्रमाणे दोनशेच्या वर वर्षं. प्रत्यक्षात अशी भेट होणं शक्यच नव्हतं. तरी शिल्पकाराला काय म्हणायचं आहे ते उघड आहे, आणि मला ते चित्र आवडतं. एवढंच वाटतं की आपल्या मुलांना ते दाखवताना हे सांगावं, नाहीतर त्यांच्या डोक्यात इतिहास म्हणून तेच बसतं. खालच्या लेखातला अशोक या शिल्पातल्या अशोकाहून अवघड आहे. तो तलवार पूर्ण टाकत नाही, पण दमलेल्या न्यायाधीशाची काळजी करतो.

प्रदक्षिणा घालताना स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवायचा, आपण देवळात घालतो तशीच.

भीमेकाठची प्रत

आता आपल्याकडे. पंढरपुरातून निघालेली भीमा हत्तरसंग कुडलला सीनेला घेते, पुढं गाणगापूरवरून कलबुर्गी जिल्ह्यात उतरते आणि सन्नतीला येते. सोलापुरातल्या अनेक घरांचं कुलदैवत असलेली चंद्रलांबा परमेश्वरी तिथलीच. वर्षानुवर्षं आपली माणसं त्या देवळात ओटी भरायला जातात.

त्याच आवारात कालीचं एक देऊळ होतं. १९८० च्या दशकात त्याचं छप्पर कोसळलं. राडारोडा काढताना लक्षात आलं की मूर्तीची बैठक म्हणून जी शिळा वापरली होती, तिच्या दोन्ही अंगांना ब्राह्मी अक्षरं आहेत. मूर्ती रोवण्यासाठी शिळेच्या मधोमध चौकोनी भोक पाडलेलं होतं, तेवढी अक्षरं कायमची गेली. उरलेलं वाचलं तेव्हा कळलं की हे अशोकाचे लेख आहेत : बारावा, चौदावा आणि दोन पृथक् लेख. तेच दोन, जे तोवर फक्त धौली आणि जौगड्याला, म्हणजे कलिंगात, सापडले होते.

हा शोध महत्त्वाचा का, ते आता लक्षात येईल. पृथक् लेख फक्त कलिंगच्या जखमी प्रजेसाठी लिहिले, असं तोवर समजत. ते भीमेच्या खोऱ्यातही कोरले होते म्हटल्यावर तो समज सैल करावा लागला. इथं अशी कोणती गरज होती? हाही नव्यानं जिंकलेला, सीमेवरचा मुलूख असावा, असा तर्क करता येतो. मला तो पटतो, कारण दुसरा लेख सीमेवरच्या लोकांच्या भीतीबद्दलच आहे. काहीही असो, बेड्या घालताना घाई करू नका, दमलात म्हणून अन्याय करू नका, ही ताकीद आपल्या नदीकाठच्या कारभाऱ्यांनाही दिलेली होती.

सन्नतीच्या जवळच कनगनहळ्ळीला पुरातत्त्व खात्यानं १९९० च्या दशकात उत्खनन केलं आणि एक प्रचंड स्तूप उघडा झाला, चुनखडीच्या कोरीव शिळांनी मढवलेला, सातवाहनांच्या काळातला. त्यातल्या एका शिळेवर राजा, राण्या आणि छत्र-चामर धरलेल्या सेविका आहेत. वर ब्राह्मीत लिहिलंय ‘राया असोको’. अशोकाचं, त्याच्या नावासकट कोरलेलं शिल्प म्हणून ही शिळा ओळखली जाते. ती अशोकानंतर बऱ्याच काळानं कोरली, त्यामुळे चेहरा त्याचाच असेल असं नाही. पण भीमेकाठच्या लोकांनी तेवढ्या काळानंतरही त्याचं नाव जपलं होतं.

शिलालेखांच्या बाबतीत सोलापूर जिल्हा मुळात भाग्यवान आहे. हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. धाराशिवकडच्या तेरला गेलात तर त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघा. मागची बाजू अर्धगोल आहे, कारण ते मुळात चैत्यगृहाच्या धाटणीचं आहे. कार्ल्यातला आकार डोळ्यांत असेल तर तेरला तो लगेच ओळखू येतो.

जायचंच असेल तर क्रम माझ्या मते असा ठेवावा. आधी एका दिवसात सन्नती आणि कनगनहळ्ळी. सोलापुरातून कलबुर्गी, तिथून साठेक किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर वाडी-रायचूर मार्गावरचं नालवार स्टेशन जवळ पडतं, पुढं जीप किंवा रिक्षा. मग सवड काढून कोणार्क एक्सप्रेस. धौलीला सकाळी लवकर जा. कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा हत्तीच्या सोंडेची वळणं नीट दिसतात. गाडीवाल्याला सांगून ठेवा की आधी खाली थांबायचंय. शेजारी लेखांचं भाषांतर लावलेलं आहे. मुलांकडून पहिला पृथक् लेख मोठ्यानं वाचून घ्या, मग वर चढा.